डेडस्टॉक

बेटावदच्या अलीकडे, पांझरेच्या काठानं,
कापूस वेचून झालेल्या वावराला लागून आमची अंगणवाडी.
खोली एक. पोरं तेवीस.
वजनकाटा एक, सतरंज्या चार,
पातेली दोन, झाकण एकालाच.
हे सगळं डेडस्टॉकला लावलेलं आहे,
पान तीन, खाली माझी सही.

सोमवारी सोनलचं शार्पनर गेलं.
लाल, माशाच्या आकाराचं,
मामानं सुरतेहून आणलेलं.
दुर्गेशची मूठ वळलेली होती, उघडत नव्हती.
"कोनं शे हाई?" मी विचारलं.
"मनं," तो म्हणाला, पत्र्याकडे बघत.

आमच्या बोलीत मालकी एका अक्षरात मावते.
सोनलनं म्हणजे सोनलचं.
पुस्तकात मात्र सोनलनं म्हणजे सोनलने काहीतरी केलं :
सोनलनं खाल्लं, सोनलनं नेलं.
आता चार वर्षांच्या पोराला
ज्याचं आहे तो आणि ज्यानं घेतलं तो
यांतला फरक मी कुठल्या भाषेत सांगू?
म्हणून सगळ्यांना मांडी घालून बसवलं,
आधी तोंडावर बोट, मग एका सुरात, तीनदा :
दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घेऊ नये.
तिसऱ्यांदा दुर्गेशचा आवाज सगळ्यांत मोठा.
मूठ तशीच.

मंगळवारी पर्यवेक्षिका येणार होत्या.
मी आणि रेशमाबाईंनी खोली लख्ख झाडली.
वजनकाट्यामागे निघाली एक पत्र्याची डबी :
एरंडीच्या बिया, सेलमधली काळी कांडी,
बांगडीची हिरवी काच,
आणि शिरपूर एस.टी.चं तिकीट,
घड्या घालून घालून कापडासारखं मऊ झालेलं.
मी म्हटलं, कचरा.
रेशमाबाईंनी सुपलीत भरलं.
उकिरडा बांधापलीकडेच आहे.

मॅडम येऊन गेल्या. शेरा दिला : स्वच्छता समाधानकारक.

बुधवारी दुर्गेश वजनकाट्यामागे वाकला
आणि बराच वेळ वाकूनच राहिला.
रडला असता तर बरं होतं,
रडण्यावर बडबडगीत चालतं, खिचडी चालते.
उठला, हात चड्डीला पुसले.
"बाई, मनी डबी कोनी लिधी?"
अरे, तो कचरा होता, मी म्हटलं.
"तुमी इचारं नही."

रेशमाबाई उगाच पातेलं ढवळत राहिल्या.

मग मी पदर खोचला.
उकिरड्यावर तेवीस पोरं, दोन बाया
आणि उकरायला पऱ्हाटीच्या काड्या.
वावरातून जिभाऊ ओरडले, बाई, सोनं हरपलं का?
हो, मी म्हटलं.
डबी सापडली, झाकण चेपलेलं.
कांडी सापडली, काच सापडली. बिया चार.
"अकरा व्हत्यात," दुर्गेश म्हणाला.
दहाच्या पुढचं मी अजून शिकवलेलं नाही.
तिकीट मिळालं नाही, शेळीनं खाल्लं असेल.
ते कुठल्या दिवसाचं होतं, कोणासोबतचं,
ओठावर आलेलं विचारलं नाही.
ते त्याचं होतं.

संध्याकाळी डेडस्टॉक काढलं.
पातेल्यांच्या ओळीखाली, पेन्सिलीनं :
एरंडीच्या बिया चार, कांडी एक, काच एक,
डबी एक (चेपलेली).
मालक : दुर्गेश सुपडू.
मॅडमना काय म्हणायचं ते म्हणोत.

शार्पनरचा विषय मी पुन्हा काढला नाही.
आठव्या दिवशी ते सोनलच्या पाटीवर होतं.
आत पातं नव्हतं.
कुणी ठेवलं, कुणी पाहिलं नाही,
तेवीस पोरांनी न पाहिलेली ही पहिलीच गोष्ट.
मी हात पुढे केला,
आता हे काय कामाचं, दे, टाकून
आणि जीभ चावली.

सोनलनं तो मासा फ्रॉकच्या खिशात घातला,
वरून थोपटला.
"ऱ्हाऊ द्या बाई. मनं शे."